दुसऱ्या ओळीत तिसरी

कळंब, १२ जानेवारी २०२५

डावा बाण. पुन्हा डावा. आता उजवा, तीनदा. शेजारच्या खोलीतून कळांचा आवाज येतो आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. बाबा सव्वासातपासून कॉम्प्युटरसमोर आहेत. काहीच उघडलेलं नाही. बाण दाबतात, थांबतात, ऐकतात, पुढे जातात. आता थांबले.

अनिमेष, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता बाबांच्या डायरीतला आहे. कोईमतूरच असशील तर पोचेल.

काम एवढंच. डिसेंबरच्या शेवटी बाबांचा कॉम्प्युटर बिघडला. लिनक्स नव्याने टाकावं लागलं. तू त्यांच्यासाठी केलेली मांडणी गेली. म्हणजे पडदाभर बारा चौकटी, काळ्यावर पिवळी अक्षरं, बाण नेला की ती चौकट उजळायची आणि आईच्या आवाजात तिचं नाव ऐकू यायचं, ते सगळं. मी नवी मांडणी केली आहे. चौकटी आहेत, बोलतातही, पण आवाज मशिनचा. काचबिंदूने बाबांना आता नळीतून पाहिल्यासारखं मधलं थोडंच दिसतं. आवाजाशिवाय त्यांचं चालत नाही.

आईच्या आवाजाची प्रत तुझ्याकडे असेल. तू गेलास तेव्हा बॅगेत हार्ड डिस्क होती असं आठवतं. असेल तर पाठव. आवाज कुठे ठेवले आहेत ते तू कुठे लिहून ठेवलं होतंस का? मला काही सापडलं नाही.

बाबांची तब्येत बरी आहे. दर रविवारी तू फोन करतोस तेव्हा ते तुला तेच सांगत असतील. त्या वेळी मी मागच्या अंगणात असते. हल्ली ते मोबाइलवरून बोलतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कॉम्प्युटरवर तू त्यांना दिसायचास. निदान नाक तरी.

मशिनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले, "ही बाई कुठली?"

"कुठलीच नाही, बाबा. कॉम्प्युटर बोलतो."

"बोलते शुद्ध. पण घाई फार."



आभा


कळंब, २६ जानेवारी २०२५

पत्र तुला १७ तारखेला मिळालं. पोस्टाच्या साइटवर तुझी सही दिसते. 'अ' अजून तसाच काढतोस.

मी कॉम्प्युटर घेऊन यवतमाळला पूनमसिंगकडे गेले होते. बसस्टँडजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर रोज त्यावरूनच बसला जाते. त्यांनी दोन दिवस डिस्क ठेवून घेतली. मग म्हणाले, "मॅडम, नुसतं मिटवलं असतं तर काढून देलं असतं. तुम्ही त्याच्यावर नवीन भरलं ना. आता खालचं नाही निघत. फोटो होते का?"

"आवाज होता."

"कोणाचा?"

मी सांगितलं. त्यांनी डिस्क परत बसवली, स्क्रू स्वतः घट्ट केले. मी निघाले तेव्हा म्हणाले, "मंग तर आधी यायचं होतं."

मानीबाई सकाळी आठला येतात, भाकऱ्या आणि भांडी करायला. तुला त्या आठवत नसतील, तू गेल्यावर लागल्या. आईला त्यांनी शेवटचे चार महिने पाहिलं. कॉम्प्युटर बोलला की त्या आतून ओ द्यायच्या. "पाऊसपाणी" असं आई म्हणाली की, "येते बाई येते, कपडे आत घेतो मी." रोज. परवा भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "ताई, बाई काहून बोलत नाही वो आता?"

मी सांगितलं, आवाज गेला.

"मंग बाई दोन खेपा गेल्या म्हना," त्या म्हणाल्या आणि नळ सोडला.

आणखी एक गोष्ट. मी चौकटी वर्णक्रमाने लावल्या होत्या. मला तेच सोपं वाटलं. बाबा पहिल्या दिवशी दुसऱ्या ओळीत तिसरीवर गेले. तिथे त्यांची स्वतःची चौकट असायची, त्यांचे कागद, नोंदी. तिथून मशिन म्हणालं, फोटो.

"माझं कुठं गेलं?"

"शेवटच्या ओळीत, बाबा."

"तिथं काहून?"

"तुमचं नाव 'स'पासून आहे. वर्णक्रमाने लावलंय."

"हं," ते म्हणाले. "हजेरीपट."

मग मी जुना क्रम आठवायला बसले. वहीत चार रकान्यांच्या तीन ओळी आखल्या. पहिली ओळ पेपर, तिथी, पाऊसपाणी, अभंग. दुसरी चिठ्ठ्या, बुद्धिबळ, बाबांची, फोटो. तिसरी बातम्या, नाटकं, तुला फोन, आणि शेवटी बंद करण्याची. लिहून झाल्यावर दिसलं की पहिली ओळ सकाळ आहे, दुसरी दुपार, तिसरी संध्याकाळ. हा क्रम तू लावला नसणार. हा आईचा आहे. फडताळातले डबेही ती असेच लावायची, आणि मी ते दरवेळी हलवायचे.

तिसऱ्या ओळीतली 'अनूला फोन' ही चौकट मी नव्या मांडणीत ठेवली नव्हती. अकराच ठेवल्या.

बुधवारी पुंडलिकराव आले. तहसीलीत बाबांच्या शेजारच्या टेबलावर होते ते. मी आत चहा करत होते.

"काय म्हनतो सदाशिव, तुया कॉम्प्युटर?"

"म्हणतो कुठं काही."

"तहसीलीत फाइल हरवली की तू अख्ख्या कचेरीले उभं करायचा. आता कोणाले उभं करतो?"

बाबा म्हणाले, "कोणालाच नाही."

चहा नेऊन दिला.

चौकटी आता मी आईच्या क्रमाने लावल्या आहेत. पण गेल्या सोमवारपासून बाबा कॉम्प्युटर सुरूच करत नाहीत. सव्वासातला समोर जाऊन बसतात. पडदा काळा असतो.

पाठव. ईमेलने चालेल, टपालाने चालेल.

आभा


कळंब, ९ फेब्रुवारी २०२५

कॉम्प्युटर बिघडला नव्हता.

जुना झाला होता, हळू चालायचा, पण बिघडला नव्हता. २९ डिसेंबरला रविवारी मी तो पुसला. बाबा पुंडलिकरावांबरोबर चिंतामणीच्या देवळात गेले होते. तुझा कागदही मला सापडला होता. कीबोर्डच्या खाली, चिकटपट्टीने लावलेला. 'आवाज बाबांच्या फोल्डरमध्ये नाहीत, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये आहेत. पुसण्याआधी कॉपी करणे. अ.' मी तो दोनदा वाचला. बाबांचे कागद आणि फोटो कॉपी करून झाले होते. कीबोर्ड सरळ ठेवला. पडद्यावर प्रश्न आला, पूर्ण डिस्क पुसायची का. मी हो दाबलं. अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तुरीच्या शेंगा सोलल्या.

का, ते लिहिते. तुला पटावं म्हणून लिहीत नाही.

बाबांची कचेरी सुटून चौदा वर्षं झाली, तरी ते सकाळी साडेनऊलाच जेवतात. मी साडेनऊला ताट वाढते, त्यांच्याबरोबर चार घास खाते आणि दहाच्या बसने यवतमाळला जाते. आई गेली ऑगस्ट बावीसमध्ये. त्यानंतर मी रोज हाक मारत आले, "बाबा, वाढलंय." ते उठत नसत. बाण दाबत दाबत शेवटच्या ओळीत शेवटच्या चौकटीवर जात. मग ती म्हणे, "पुरे आता. जेवायला या." मग उठत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन वर्षं चार महिने.

स्वयंपाक मी करत होते, ताट मी वाढत होते, आणि बोलावणं तिचं होतं.

त्या रविवारी पाटोडीचा रस्सा केला होता. त्यांना आवडतो म्हणून पहाटेपासून खपले होते. तीनदा हाक मारली. मानीबाई हसून म्हणाल्या, "थांबा ना ताई, बाईनं बोलावल्याबिगर साहेब येनार हायेत का?" त्यांच्या मनात काही नव्हतं. मग आईचा आवाज आला. ते आले, बसले. "छान झालंय," म्हणाले. ते जेवून बाहेर गेले आणि मी कॉम्प्युटर उघडला.

मला वाटलं होतं, महिनाभरात ते माझ्या हाकेला उठतील.

उठत नाहीत. आता शेवटची चौकटही नाही. मी हाताला धरून आणते. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. सदरे खांद्यावरून उतरायला लागले आहेत. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, खायला घाला. बाबा त्यांना म्हणाले, "ती घालते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

बाबांना माहीत आहे. कसं ते कळत नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि ते विसरणारे नाहीत.

दुसरं. १६ फेब्रुवारी २०२२. मी आईसाठी चारला गाडी सांगितली होती, दवाखान्यात न्यायला. बरोबर तू जाणार होतास. साडेचारला मी बसमधून उतरून घरी आले तर आई घरातच. तू तिच्यासमोर मोबाइल धरून बसलेला. तुझी नोकरी गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. मी जे बोलले ते तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तू गेलास, तिसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं.

तेराव्याला आत्याला मी सांगितलं की आईची उपचारांची ती एक खेप चुकली ती तुझ्यामुळे, आणि तिथूनच ती उतरत गेली. तू बाहेर ओट्यावर होतास. खिडकी उघडी होती. उघडी आहे हे मला दिसत होतं.

प्रत असेल तर पाठव. माझ्यासाठी नको.

आभा


कळंब, २ मार्च २०२५

पाकीट गुरुवारी आलं. पेन ड्राइव्ह निघाला. कागद निघाला नाही. मी पाकीट फाडून सपाट करून पाहिलं.

घरी लावला नाही. शुक्रवारी कॉलेजात दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते, तिथे इअरफोन लावून ऐकला. एकच फाइल. एक्केचाळीस मिनिटं. तारीख १६ फेब्रुवारी २०२२. पहिल्यांदा मला वाटलं की तू मुद्दाम तोच दिवस पाठवलास. मग लक्षात आलं, तुझ्याकडे दुसरं काही नाही. कापून, नीट करून ठेवलेले आवाज फक्त या मशिनवर होते. तुझ्याकडे राहिलं ते त्या दुपारचं कच्चं रेकॉर्डिंग.

तू ते ऐकलेलं आहेस. तरी मला काय ऐकू आलं ते लिहिते.

सहाव्या मिनिटाला बाहेर हॉर्न वाजतो.

"आई, गाडी आली."

"रामधनला सांग, परवा ये."

"आई, ताईनं आजची वेळ घेतलीये."

"परवाची घे म्हणावं. तिथून आलं की दोन दोन दिवस आवाज निघत नाही माझा. आज निघतोय तर करून घे."

"ताई चिडेल."

"चिडू दे. जा, सांग त्याला."

दार वाजतं. तू बाहेर आहेस तेवढा वेळ ती एकटीच म्हणून बघते. पेपर. पेपर. वर्तमानपत्र. मग स्वतःशीच, "वर्तमानपत्र काय, पेपरच बरं."

चौदाव्या मिनिटाला बाबांची चौकट.

"आता नाव घे, आई. सदाशिव म्हण."

"मी? नाव? उखाण्याशिवाय?" ती हसते. "तू लिही ना पडद्यावर. लिहिलेलं मी वाचीन."

"त्यांना दिसत नाही, म्हणून तर बोलायचं आहे."

"मला त्यांनी एवढ्या वर्षांत नावानं ओळखलंय का? थांब." घसा खाकरते. "अहो, हे तुमचं."

तू म्हणतोस, "हे चालेल?"

ती म्हणते, "त्यांना विचार."

पंचविसाव्या मिनिटापासून ती दमलेली कळते. 'अनूला फोन' तिने चारदा म्हटलं आहे. तिसऱ्यांदा नुसतंच 'अनू'.

तेहतिसाव्या मिनिटाला शेवटची चौकट. "पुरे आता. जेवायला" आणि तिथे फाटकाची कडी वाजते. मग चपला. मग मी.

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारते, गाडी आली नाही का. तू म्हणतोस, आली होती, परत पाठवली. मी विचारते, कोणी. तू म्हणतोस, मी.

पुढचं तीन मिनिटं आहे. मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त आहे. 'आईच्या जिवापेक्षा तुझ्या चौकटी मोठ्या का' हे मला आठवत होतं. 'काम नाही तर निदान आडवा तरी येऊ नको' हे आठवत नव्हतं. आई मध्ये दोनदा "आभा" म्हणते. मी थांबत नाही. मग आतलं दार आपटतं.

बराच वेळ कुकरचाच आवाज आहे. मोबाइल चालू राहिला होता हे तुमच्या दोघांच्याही लक्षात आलं नसावं.

"तिचं मनावर घेऊ नको. धावून धावून येते ती."

पलंग करकरतो. मग पुन्हा आई.

"आणि गाडी मी परत पाठवायला लावली हे सांगू नको तिला. माझ्यावर चिडेल."

"माझ्यावर चिडली तर चालतं?"

"तुला सवय आहे," आई म्हणते. तू हसतोस. ती पण हसते, मग खोकते. तू म्हणतोस, पाणी आणतो. तिथे संपतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी अकरावीचा तास घेतला. तरंगांचा होता. मुलांनी काही विचारलं ते मी फळ्यावर सोडवून दिलं.

तीन वर्षं, अनिमेष. ती गेल्यावर तरी सांगायचंस. तेराव्याला खिडकीतून आत येऊन आत्यासमोर सांगायचंस. मी इथे बसून हे लिहिते आहे, आणि मला कळतं आहे की तू सांगितलं असतंस तरी मी ते खरं मानलं नसतं.

आभा


कळंब, ९ मार्च २०२५

आठवडाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं केलं. आज पुरं झालं. काय केलं ते तुला कळावं म्हणून लिहिते. काही चुकलं असेल तर तुलाच कळेल.

प्रत्येक चौकटीमागे एक छोटी फाइल असते हे मला आता कळलं. तिच्यात नाव, चित्र आणि काय उघडायचं ते. बारा चौकटींच्या बारा फाइली. मी त्यांच्यात एकेक ओळ वाढवून आवाज जोडला. मांडणी चार गुणिले तीन, पडदाभर, वर घड्याळ नाही, खाली पट्टी नाही. तू घड्याळ का काढलं होतंस ते आता समजलं. बाबा बाण नेता नेता कोपऱ्यातल्या आकड्यांत अडकतात. पिवळा रंग नीट जमत नव्हता. एकदा लिंबासारखा झाला, एकदा हळदीसारखा. शेवटी एका जुन्या फोटोत, आई पलंगावर बसली आहे त्यात, मागे कॉम्प्युटर दिसतो. त्यातून रंग घेतला.

आवाज एक्केचाळीस मिनिटांतून कापले. पेपर दुसऱ्यांदा म्हटलेलं घेतलं. तिथीच्या शेवटी ती खोकते. तो खोकला मी काढून टाकला, मग परत घातला. अभंगाच्या मागे कुकरची एक शिट्टी आहे. ठेवली. बुद्धिबळाला ती म्हणते, "बुद्धिबळ. पुंडलिकराव आले असतील तर नको." पुंडलिकरावांना ऐकवलं. म्हणाले, "अजून डोळा हाय बाईचा माह्यावर," आणि टोपी काढून हातात धरली.

अकरावी तुझी. चौथ्यांदा म्हटलेलं लावलं. बाबांनी अजून ती उघडलेली नाही.

बाराव्या चौकटीचा पूर्ण आवाज नाही. तो बहुतेक आईने दुसऱ्या दिवशी, तू निघण्याआधी, पुन्हा म्हटला असेल. तो इथेच होता. माझ्याकडे आहे तो 'जेवायला'पर्यंत. त्यानंतर लगेच फाटक आहे. खूप प्रयत्न केला. एक शब्द दुसरीकडून आणून जोडता येतो. पाचव्या मिनिटाला ती तुला "ये" म्हणते, पण 'या' कुठेच म्हणत नाही. मशिनच्या बाईकडून म्हणवून पाहिलं. ते पुसलं. शेवटी 'जेवायला'वर कापून तसंच ठेवलं.

पूर्ण रेकॉर्डिंगच्या तीन प्रती केल्या आहेत. एक बाबांच्या कपाटात, एक माझ्या कॉलेजच्या खणात, एक पूनमसिंगांकडे. ते म्हणाले, "ठेवतो मॅडम, नाव टाकून द्या वर." मी आईचं नाव टाकलं. तुझा कागद कीबोर्डच्या खाली परत लावला आहे. चिकटपट्टी नवी आहे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आज दुपारी ते झोपले असताना कॉम्प्युटर सुरू करून बघितला, आवाज अगदी कमी ठेवून. मानीबाई भांडी घासायची विसरलेल्या म्हणून परत आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी बाराही ऐकल्या. शेवटचं ऐकल्यावर म्हणाल्या, "अर्धंच बोलून राह्यल्या."

मी म्हटलं, "एवढंच आहे."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "मानूस अर्ध्यातच उठते."

एक अडचण आहे. चौकटीवर बाण नेला की आवाज साधारण सेकंदभर उशिरा येतो. तुझ्या वेळी लगेच यायचा. बाबा तोवर पुढे जातील आणि आवाज मागच्याचा येईल. हे कसं घालवायचं ते मला सापडलं नाही. तुला माहीत असेल तर कळव. मला कळवायचं नसेल तर रविवारी बाबांना सांग, ते मला सांगतील. मी अंगणात जाणार नाही.

पत्र उद्या बसस्टँडवर जाताना टाकीन.


१० मार्च, सकाळ

बाबा सव्वासातला बसले. मी आधीच कॉम्प्युटर सुरू करून ठेवला होता. पडदा उजळलेला त्यांना दिसला असावा. त्यांनी हात कळांवर ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच दिला. मग बाण दाबला. सेकंदभराने पेपर.

दुसऱ्या ओळीत तिसरीवर ते सात वेळा गेले. मी मोजलं. काही उघडलं नाही. सेकंदभर थांबायचं असतं हे त्यांना दुसऱ्या खेपेलाच कळलं.

साडेनऊला मी ताट वाढलं. हाक मारली नाही. ते शेवटच्या चौकटीवर गेले. आई म्हणाली, "पुरे आता. जेवायला" आणि आवाज थांबला. बाबाही थांबले. पुन्हा ती चौकट घेतली नाही. मान दाराकडे वळवून तसेच बसले.

मी आतून म्हटलं, "या."

ते उठले. भिंतीला हात लावत आले आणि पाटावर बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. वरणात मीठ कमी होतं, ते मागून घेतलं. दहाची बस चुकली. साडेदहाच्या बसने जाईन.